चावी लहान, तोटा मोठा

कापडाच्या गादीवर बसणाऱ्या माणसाने इंजिनाच्या चावीवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यात या चावीने आम्हाला जो धडा दिला, तो आमच्या कारागीर बंधूंच्या आणि व्यापारी बंधूंच्याही उपयोगाचा आहे, म्हणून तो येथे मांडत आहोत.

चावी म्हणजे येथे कुलपाची चावी नव्हे, की इंजिन सुरू करण्याचीही नव्हे. शाफ्ट आणि त्यावरची पुली एकत्र फिरावी म्हणून दोघांच्या खाचेत मिळून जो पोलादाचा लहान चौकोनी तुकडा बसवतात, त्याला कारागीर चावी म्हणतात. चावीचा अर्धा भाग शाफ्टच्या खाचेत असतो, अर्धा पुलीच्या खाचेत. इंजिनाची सारी ताकद या तुकड्यातून पुढे जाते. किंमत म्हणाल तर दहा-वीस रुपये.

आमच्या धंद्यातही ही चावी अनोळखी नाही. धुळे किंवा मालेगावच्या साध्या यंत्रमागात दोन मुख्य शाफ्ट असतात. वरचा दोन फेरे करतो तेव्हा खालचा एक फेरा करतो, आणि धोटा कधी फेकायचा हे खालचा शाफ्ट ठरवतो. दोन्हींवरची दातेरी चाके चावीने बांधलेली असतात. चावी सैल झाली की वेळ चुकते. धोटा अजून ताण्याच्या मध्यातच असतो आणि तेवढ्यात फणी ठोका देते. एका क्षणात ताण्याचे शेकडो धागे तुटतात. आम्ही व्यापारी फक्त कापडातला दोष पाहतो आणि भाव पाडतो. त्या दोषामागे कधी कधी एवढासा लोखंडाचा तुकडा असतो, हे आमच्या ध्यानात येत नाही.

घाई आमची, नुकसानही आमचे

चोपडा तालुक्यात दक्षिणेला तापी आणि उत्तरेला सातपुडा. मधल्या काळ्या जमिनीत केळी आणि कापूस. आमचीही घरची थोडी केळीची बाग आहे. शेती धाकटे बंधू पाहतात. मृगबाग लावली की पावसाबरोबर तण उठते. केळीच्या दोन ओळींत मोठा ट्रॅक्टर फिरू शकत नाही. तेथे पॉवर विडर, म्हणजे हाताने धरून चालवायचे छोटे यंत्र, उपयोगी पडते. पाच अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, त्यावर बिडाची पुली, पट्टा, आणि खाली माती उकरणारी पाती.

आमच्या विडरचे इंजिन आठ-नऊ हंगाम चालून थकले. नवे इंजिन आणले. जुने काढायचे, नवे त्याच जागी बसवायचे, जुनीच पुली चढवायची, असा सरळ हिशेब होता. मोहल्ल्यातल्या एका तरुण मिस्त्रीला बोलावले. मुलगा हुशार आणि मेहनती आहे. त्याने पुली नव्या शाफ्टवर घालून पाहिली आणि म्हणाला, "चाचा, पुली डगडग करते, चावीही बसत नाही. लेथवर न्यावी लागेल."

आम्ही काय म्हणालो? "लेथवर नेण्यात दोन दिवस जातील. मजूर बसून आहेत. संध्याकाळपर्यंत यंत्र बागेत गेलेच पाहिजे. काहीतरी जुगाड कर."

त्याने जुगाड केला. पत्र्याची पट्टी शाफ्टभोवती गुंडाळून पुली घट्ट केली. जुनी चावी रुंद होती, ती कानशीने अंदाजाने घासून नव्या खाचेत बसवली. वरून ग्रब स्क्रू आवळला. यंत्र चालले. आम्ही खूश झालो.

तिसऱ्या दिवशी बागेत खडखड आवाज आला आणि पाती थांबली, पण इंजिन चालूच होते. उघडून पाहिले तो चावी खाचेत आडवी झालेली, शाफ्टच्या खाचेच्या दोन्ही कडा फाकलेल्या, आणि शाफ्टच्या टोकावर पत्र्याने चरे पाडलेले. चावीचे नुकसान दहा रुपयांचे. पण तो शाफ्ट म्हणजे इंजिनाचा क्रँक शाफ्ट होता. तो बदलायचा म्हणजे नवे कोरे इंजिन पूर्ण उघडायचे. मजुरीसह खर्च पाच हजारांच्या वर गेला, आणि यंत्र आठ दिवस उभे राहिले ते वेगळेच. दोन दिवस वाचवायला गेलो आणि आठ घालवले.

गावात लोकांनी मिस्त्रीला नावे ठेवली. वास्तविक त्याने आधीच खरे सांगितले होते. चूक आमच्या घाईची होती. क्रँक शाफ्टचे पैसे आम्ही दिले, आणि चारचौघांत ते बोलूनही दाखवले. कारण कारागिराचे नाव हेच त्याचे भांडवल असते.

वार आणि मीटर, सूत आणि मिलिमीटर

काम शेवटी एका बुजुर्ग लेथवाल्या उस्तादांकडे गेले. त्यांनी प्रथम कॅलिपर काढला. जुन्या पुलीचे भोक २० मिलिमीटर, खाच ६ मिलिमीटर. नव्या इंजिनाचा शाफ्ट १९.०५ मिलिमीटर, खाच ४.७६ मिलिमीटर. उस्ताद म्हणाले, "सेठ, जुने इंजिन मिलिमीटरचे होते, नवे इंचाचे आहे. हा पाऊण इंच शाफ्ट आहे आणि चावी दीड सूत. दोन वेगळ्या घरची माणसे तुम्ही जबरदस्तीने एकत्र बसवलीत."

आमच्या धंद्यात सूत म्हणजे धागा. मिस्त्रीच्या धंद्यात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दीड सूत म्हणजे ३/१६ इंच, दोन सूत म्हणजे पाव इंच.

उस्तादांचे बोलणे आम्हाला चटकन समजले, याचे कारण आमचे दुकान. देशात १९५६ साली मापांचा नवा कायदा झाला आणि १९५८ पासून दशमान मापे येऊ लागली, तेव्हा कापड वारावरून मीटरवर आले. वार ९१.४४ सेंटिमीटरचा, मीटर १०० सेंटिमीटरचा. साडेआठ सेंटिमीटरचा फरक. वाराच्या गजाने मोजून मीटरचे पैसे घेतले तर ती लबाडी ठरते. आणि इतकी वर्षे झाली तरी आजही आम्ही लांबी मीटरमध्ये सांगतो आणि पन्हा इंचात: छत्तीस, चव्वेचाळीस, अठ्ठावन्न. एकाच ठाणावर दोन मापे चालतात, पण आम्ही त्यांची गल्लत करत नाही.

लहान इंजिनांचेही तसेच आहे. अमेरिकेत घरामागच्या बागेतले गवत कापणारे छोटे ट्रॅक्टर फार. त्यांची इंजिने इंचाच्या मापाची. जपानी आणि चिनी बनावटीची इंजिने मिलिमीटरमध्येही येतात आणि इंचातही, कधी कधी एकाच नमुन्याची दोन्ही मापांत. बाहेरून रंग, आकार, बोल्टची भोके सारे सारखे दिसते. फरक शाफ्टच्या टोकाला असतो.

फसवणूक अशी की ही मापे जवळजवळ सारखी असतात. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, २५ च्या शाफ्टपेक्षा अर्ध्या मिलिमीटरनेही जास्त नाही. दोन सुताची चावी ६.३५, तर मिलिमीटरची ६. दीड सूत ४.७६, तर मिलिमीटरची ५. डोळ्याला फरक दिसत नाही, पण चावीला तो सोसत नाही. ६ मिलिमीटरच्या प्रमाणित चावीच्या रुंदीत जास्तीत जास्त ०.०३ मिलिमीटरची सूट असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी.

एवढा बारकावा कशाला, असे कोणी विचारील. उस्तादांनी आम्हाला पाटीवर हिशेब करून दाखवला. पाच अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी चालते तेव्हा २० मिलिमीटर शाफ्टच्या चावीवर सुमारे १२० किलोचा जोर येतो. हा जोर एकसारखा नसतो. एका सिलिंडरच्या चार स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, म्हणजे मिनिटाला १५०० ठोके. चावी घट्ट असेल तर ती हे ठोके नुसती पुढे पोहोचवते. सैल असेल तर प्रत्येक ठोक्याला ती खाचेच्या भिंतीवर हातोड्यासारखी आपटते. एका तासात नव्वद हजार वेळा. मग खाच रुंद होते, चावी आणखी सैल होते, आणि शेवटी आडवी पडते. पातीखाली दगड किंवा जुन्या केळीचा गड्डा आला तर जोर आणखी कितीतरी वाढतो.

उस्तादांची रीत

उस्तादांचा पहिला नियम असा: शाफ्टला कानस लावायची नाही. "चावी स्वस्त, पुली त्याहून महाग, शाफ्ट सर्वांत महाग. बदल करायचा तर स्वस्त वस्तूत करा." त्यांनी बिडाची कोरी पुली घेतली, तिला पाऊण इंची भोक पाडले, दीड सुताची खाच काढली. पुली बदलणे शक्य नसेल आणि फरक फक्त खाचेच्या रुंदीत असेल, तर पायरीची चावी बनवतात: खालचा भाग शाफ्टच्या मापाचा, वरचा पुलीच्या मापाचा, दोन्ही मशीनवर मोजून काढलेले. पण भोकच मोठे असेल तर पत्रा गुंडाळणे हा उपाय नव्हे. पुली मध्यावर राहत नाही आणि डगमगते.

बाकीची रीत आम्ही समोर बसून पाहिली, ती क्रमाने देत आहोत.

प्रथम स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवावी. पुली हाताने फिरवताना इंजिन अचानक सुरू होऊन बोटे गेल्याची उदाहरणे कारखान्यांत सर्वांना ठाऊक आहेत.

जुनी पुली पुलरने ओढून काढावी. मागून हातोडा मारू नये. तो मार थेट क्रँक शाफ्ट आणि बेअरिंगला बसतो.

मग मापे घ्यावीत: शाफ्टची जाडी, खाचेची रुंदी आणि लांबी, पुलीचे भोक, पुलीची खाच. भारतीय मानक २०४८ मध्ये मिलिमीटरच्या चाव्यांचा तक्ता आहे. १२ च्या वर १७ मिलिमीटरपर्यंतच्या शाफ्टला ५ रुंद आणि ५ उंच चावी, १७ च्या वर २२ पर्यंत ६ बाय ६, २२ च्या वर ३० पर्यंत ८ बाय ७, ३० च्या वर ३८ पर्यंत १० बाय ८. इंचाच्या लहान इंजिनांत पाऊण इंची शाफ्टला दीड सूत आणि एक इंची शाफ्टला दोन सूत. तथापि २५ मिलिमीटर शाफ्टला ७ मिलिमीटरची चावी असलेली इंजिनेही बाजारात मिळतात. म्हणून तक्ता सल्ल्यासाठी, निकाल कॅलिपरचा.

चावीसाठी खिळा, कानशीचा तुकडा किंवा हाताला लागलेली सळई वापरू नये. खिळा मऊ, तो दबतो. कानस कडक, ती तुकडे होऊन फुटते. चावीची तयार पट्टी किंवा ईएन-८ पोलाद घ्यावे.

खाच रॉकेलने किंवा पेट्रोलने धुवून कोरडी करावी. चावीच्या कडांचा किस बारीक कानशीने काढावा. चावी आधी एकटी शाफ्टच्या खाचेत बसवून पाहावी. अंगठ्याच्या दाबाने किंवा लाकडी हातोडीच्या हलक्या टोल्याने ती बसावी, आणि बाजूने हलवली तर हलू नये. मग तीच चावी काढून पुलीच्या खाचेत सरकवून पाहावी. तेथे ती सरळ सरकावी, पण खेळू नये.

आता एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. चावी दोन्ही बाजूंना घट्ट हवी, पण डोक्यावर मोकळी हवी. चावीचा माथा आणि पुलीच्या खाचेचे छत यांत थोडी फट, सुमारे ०.२ ते ०.३ मिलिमीटर, राहिली पाहिजे. चावी उंच असेल आणि पुली ठोकून चढवली, तर पुली एका बाजूला ढकलली जाते आणि वाकडी फिरते. पट्टा झिजतो, बेअरिंग जाते, आणि दोष कशात आहे हे कळत नाही. पाचर मारून घट्ट करण्याची चावी वेगळी असते. जुन्या संथ डिझेल इंजिनांच्या मोठ्या चाकांना डोके असलेली गिब चावी मारतात, तिला मुद्दाम उतार दिलेला असतो. ती रीत सरळ चावीला लावू नये.

चावी पुलीच्या पूर्ण लांबीला भिडलेली असावी. शाफ्टवर तेलाचा किंवा ग्रीसचा पातळ हात द्यावा, म्हणजे पुढे पुली काढताना त्रास होत नाही. पुली हाताने सरकवावी. शाफ्टच्या टोकाला आटे असतील तर जाड वॉशर घालून बोल्ट आवळावा, नाहीतर चावी हळूहळू बाहेर सरकते. चावी किंवा पुली वेल्डिंग करून पक्की करू नये. आज पक्की होते, उद्या ती काढताना शाफ्ट कापावा लागतो. शेवटी दोन्ही पुल्यांवर दोरी ताणून त्या एका रेषेत आहेत का ते पाहावे, आणि पहिल्या तासाच्या कामानंतर सारे स्क्रू पुन्हा आवळावेत.

इंजिनात आणखी एक चावी असते, ती दिसत नाही. दोरीच्या बाजूला जे फ्लायव्हील असते त्याखाली बहुधा अर्धचंद्राच्या आकाराची लहान चावी असते. तेथे पकड उताराची आणि नटाची असते. चावी फक्त जागा दाखवते. पातीला दगड अडकून इंजिन झटक्यात थांबले तर ती कापली जाते आणि ठिणगीची वेळ चुकते. मग दोरी उलटी हिसका देते, इंजिन सुरू होत नाही, आणि लोक कार्बोरेटर बदलत बसतात. हा आमच्या मागाचाच किस्सा झाला: धोटा चांगला, सूत चांगले, वेळ मात्र चुकलेली.

झाकण विसरू नका

फिरत्या शाफ्टच्या बाहेर आलेल्या चावीचे टोक कपडा पकडते. धोतराचा सोगा, कुर्त्याची बाही, ओढणी, मफलर, काहीही. कापड किती मजबूत असते हे आमच्याइतके कोण जाणतो? ते फाटत नाही, माणसाला ओढते. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २६ व्या कलमात फिरत्या शाफ्टवरचा प्रत्येक स्क्रू, बोल्ट आणि चावी आत दबलेली किंवा झाकलेली असावी, असे मुद्दाम लिहिले गेले. तो कायदा कारखान्यांसाठी होता. शेतातल्या विडरकडे पाहायला कोणी निरीक्षक येत नाही. म्हणून पुलीवरचे पत्र्याचे झाकण दुरुस्तीनंतर परत लावणे ही मिस्त्रीची आणि मालकाची दोघांची जबाबदारी. आमच्या विडरचे झाकण दोन वर्षे कोपऱ्यात पडून होते. उस्तादांनी ते लावल्याशिवाय यंत्र दारातून बाहेर जाऊ दिले नाही.

धंद्याच्या दृष्टीने

आमच्या कारागीर बंधूंना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, मोजणीचे काम फुकट करू नका. ज्या गिऱ्हाइकाला इंजिन बदलायचे आहे, त्याला विकत घेण्यापूर्वीच जुन्या शाफ्टची आणि पुलीची मापे कागदावर लिहून द्या आणि त्याचे रास्त पैसे घ्या. आम्ही तो कागद घेऊन दुकानात गेलो असतो, तर २० मिलिमीटरच्या शाफ्टचेच इंजिन मागितले असते आणि हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. बिलावरही शाफ्ट आणि चावीचे माप लिहा. इंजिनाचे पुस्तक इंग्रजीत असते. आम्ही उर्दू माध्यमात शिकलेलो, आमच्यासारख्यांना ते वाचवत नाही. पण आकडे सर्वांना वाचता येतात. दुकानाच्या भिंतीवर चावीचा तक्ता मराठीत किंवा उर्दूत लिहून ठेवा.

दुसरी, दीड सूत, दोन सूत, ५, ६, ७ आणि ८ मिलिमीटर अशा पट्ट्यांचे थोडे थोडे तुकडे जवळ ठेवा. भांडवल फार लागत नाही, आणि हंगामात गिऱ्हाईक परत जात नाही.

तिसरी, तालुक्याच्या गावात लेथ पुष्कळ असतात, पण पुलीत मापाची खाच पाडण्याची सोय सगळ्यांकडे नसते. मग कारागीर छिन्नी-कानशीने खाच काढतो किंवा गिऱ्हाइकाला जळगाव-धुळ्याला पाठवतो. काही नेहमीच्या मापांचे ब्रोच आणि एक हातप्रेस ज्याच्याकडे असेल, त्याच्याकडे विडर, फवारणी पंप, कडबा कटर, यंत्रमाग, सर्वांचे काम येईल. दोन-तीन भावांनी मिळून घेण्यासारखी ही वस्तू आहे.

आणि आमच्या व्यापारी बंधूंना एकच सांगणे. कारागीर "दोन दिवस लागतील" म्हणतो तेव्हा तो आपला वेळ घालवत नसतो, आपले पैसे वाचवत असतो. त्या तरुण मिस्त्रीने आता स्वतःचा कॅलिपर घेतला आहे. परवा बंधूंच्या शेजाऱ्याचे इंजिन त्यानेच बदलले. शेजारी घाई करू लागला तेव्हा त्याने पुली परत त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "माप जुळेपर्यंत मी बसवणार नाही." शेजारी दोन दिवस थांबला. ती पुली अजून चालते आहे.